मेलॅनोमा आणि कुटुंबाचा डॉक्टर

कर्करोगाविषयीच्या पुस्तकांतून मोठ्या रुग्णालयांची, शस्त्रक्रियांची आणि नव्या औषधांची माहिती विस्ताराने दिलेली असते. रोगी त्या रुग्णालयापर्यंत पोचण्यापूर्वी कोणाकडे गेला, तेथे त्याला काय सांगण्यात आले आणि त्यात किती महिने गेले, याचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या बाबतीत रोग्याचे भवितव्य पुष्कळदा याच काळात ठरून गेलेले असते. हा रोग बहुधा शरीराच्या पृष्ठभागावर वाढतो. तो पाहण्यासाठी क्ष-किरणांची किंवा अन्य यंत्रांची गरज नसते. चांगला उजेड आणि लक्ष देणारे डोळे एवढे पुरेसे असतात. असे असूनही आपल्या देशातील पुष्कळ रोगी तो खोलवर शिरल्यानंतरच तज्ज्ञाकडे येतात. असे का होते आणि ते टाळण्यासाठी कुटुंबाचा डॉक्टर काय करू शकतो, याचा विचार या प्रकरणात केला आहे. त्यासाठी छत्तीसगडमधील रायपूर शहर आणि त्याच्या आसपासचा मुलूख उदाहरणादाखल घेतला आहे.

रोगाचे स्वरूप

आपल्या त्वचेच्या बाह्य थराच्या तळाशी रंजकपेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचे काळसर तपकिरी रंजकद्रव्य तयार करतात. त्वचेचा, केसांचा आणि डोळ्यांतील बुबुळाचा रंग याच द्रव्यावर अवलंबून असतो. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत रंजकपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशींनी निर्माण केलेल्या रंजकद्रव्याच्या प्रमाणात व प्रकारात. या पेशी एके ठिकाणी गोळा झाल्या की तीळ दिसतो. असे तीळ बहुतेक सर्वांच्या अंगावर असतात व ते निरुपद्रवी असतात. रंजकपेशींची वाढ अनिर्बंध होऊ लागली म्हणजे जो कर्करोग होतो तो मेलॅनोमा होय. तो जुन्या तिळातून उद्भवतो, तसाच पूर्वी तीळ नसलेल्या स्वच्छ त्वचेवरही उद्भवतो.

आरंभी ही वाढ बाह्य थरातच आडवी पसरते. हा काळ काही महिन्यांचा, कधी काही वर्षांचाही असतो. या अवस्थेत ती समूळ कापून काढली तर रोगी बहुधा पूर्ण बरा होतो. पुढे ती खाली अंतस्त्वचेत शिरते. तेथे लसीकावाहिन्या आणि रक्तवाहिन्या असल्यामुळे रोगपेशींना प्रवासाची वाट मिळते. प्रथम जवळच्या लसीका ग्रंथी सुजतात आणि त्यानंतर फुप्फुस, यकृत, मेंदू अशा दूरच्या अवयवांत रोग रुजतो. अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकी विकृतिवैज्ञानिकाने १९७० साली असे दाखवून दिले की, गाठीची खोली मिलिमीटरमध्ये मोजली तर रोग्याच्या भवितव्याचा बराच विश्वसनीय अंदाज बांधता येतो. ही मोजणी आजही जगभर वापरली जाते. ज्यांच्या रोगाची खोली १ मि.मी.पेक्षा कमी असते अशा दहांपैकी नऊहून अधिक रोगी पाच वर्षांनंतर हयात असतात. खोली ४ मि.मी.च्या पुढे गेली की धोका अनेक पटींनी वाढतो. वाटाण्याच्या दाण्याहूनही कमी असलेल्या या अंतरात एका माणसाचे आयुष्य सामावलेले असते.

एका गावच्या डॉक्टरचे निरीक्षण

या रोगाला नाव देण्याचे श्रेय रने लॅनेक या फ्रेंच वैद्याकडे जाते. पुढे स्टेथॉस्कोपचा जनक म्हणून प्रसिद्धी पावलेल्या या वैद्याने १८०४ साली पॅरिसमध्ये या काळ्या गाठींचे वर्णन केले. परंतु या रोगाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे निरीक्षण मोठ्या शहरातील प्राध्यापकाने केलेले नाही. विल्यम नॉरिस हा इंग्लंडमधील स्टूरब्रिज या गावी सर्वसाधारण वैद्यकी करणारा डॉक्टर होता. १८२० साली त्याने आपल्या एका रोग्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या रोग्याचा बापही अशाच रोगाने वारला होता आणि मुलांच्या अंगावर पुष्कळ तीळ होते. नॉरिसने त्यावरून असा तर्क केला की, हा रोग काही घराण्यांतून चालत येत असावा. पुढे १८५७ मध्ये त्याने अशा आठ रोग्यांची हकीकत एकत्र करून छापली. काही कुटुंबांत हा रोग आनुवंशिकतेने येतो, हे आता जनुकांच्या अभ्यासाने सिद्ध झाले आहे.

नॉरिसपाशी सूक्ष्मदर्शकाखाली ऊतक तपासण्याची आजची सोय नव्हती. जे होते ते फक्त कुटुंबाच्या डॉक्टरपाशीच असते. बाप, मुलगा आणि नातवंडे या सर्वांची माहिती त्याच्यापाशी होती. एकाच रोग्याला तो वर्षानुवर्षे पाहत होता आणि पाहिलेले लिहून ठेवत होता. तज्ज्ञाला रोगी एका विशिष्ट दिवशी दिसतो. कुटुंबाच्या डॉक्टरला तो काळाच्या ओघात दिसतो. तिळात बदल होत आहे की नाही हे ठरविताना हाच फरक निर्णायक ठरतो.

भारतात हा रोग कोठे आढळतो

पाश्चात्त्य देशांतील पुस्तिकांत मेलॅनोमा हा उन्हाचा रोग म्हणून वर्णिलेला असतो. गोऱ्या कातडीच्या लोकांबाबत ते खरे आहे. ऑस्ट्रेलियात दर एक लाख लोकांमागे दरवर्षी तीसहून अधिक जणांना हा रोग होतो. भारतात हे प्रमाण लाखामागे एकापेक्षाही कमी आहे. सावळ्या त्वचेतील रंजकद्रव्य सूर्याच्या जंबुपार किरणांपासून पुष्कळ प्रमाणात संरक्षण देते.

मात्र या संरक्षणाचा लाभ सर्व अवयवांना सारखा मिळत नाही. आपल्याकडे मेलॅनोमा आढळतो तो मुख्यत्वे पायाच्या तळव्यावर, टाचेवर, तळहातावर, अंगठ्याच्या नखाखाली, आणि तोंड, नाक, गुदद्वार यांच्या आतील नाजूक अस्तरावर. या जागांशी उन्हाचा फारसा संबंध नाही. तळव्याच्या ज्या भागांवर चालताना अधिक दाब पडतो तेथे हा रोग जास्त आढळतो, असे जपानमधील संशोधकांना दिसून आले आहे. तथापि अनवाणी चालणे किंवा वारंवार इजा होणे हेच त्याचे कारण आहे, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. म्हणून उन्हात जाऊ नका, मलम लावा, हा परदेशी पुस्तिकांतला उपदेश आपल्या रोग्यांना फारसा उपयोगी पडत नाही. त्यांना सांगावयास हवे ते असे, की आपले तळपाय अधूनमधून उलटून पाहा.

सावळ्या माणसाला हा रोग होतच नाही, ही समजूत किती घातक ठरू शकते याचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे जमैकाचा गायक बॉब मार्ले. १९७७ साली त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा असल्याचे निदान झाले. तत्पूर्वी ती फुटबॉल खेळताना झालेली दुखापत समजली जात होती. रोग पुढे शरीरभर पसरला आणि ११ मे १९८१ रोजी वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

रायपूरची परिस्थिती

रायपूर हे आज छत्तीसगड राज्याच्या राजधानीचे शहर आहे. १९५६ पूर्वी हा प्रदेश ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. भोसल्यांच्या काळापासून या भागात मराठी कुटुंबे स्थायिक होत आली आणि तात्यापारा, बूढापारा यांसारख्या जुन्या वस्त्यांशी त्यांचे नाते जडले. मोठे दुखणे आले म्हणजे नागपूर गाठावयाचे, ही येथील जुनी वहिवाट. तेथून पुढे मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, जे १९४१ साली सुरू झाले. रायपूरहून नागपूर सुमारे तीनशे किलोमीटर आहे. मुंबई तर हावडा मार्गावरील आगगाडीने जवळजवळ एका दिवसाची वाट.

आज परिस्थिती पुष्कळच बदलली आहे. रायपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली स्थापन झाले. त्याला जोडलेल्या डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयात, ज्याला सर्व जण ‘मेकाहारा’ या नावाने ओळखतात, प्रादेशिक कर्करोग केंद्र आहे. २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था येथे कार्यरत आहे आणि २०१८ साली नवा रायपूर येथे बाल्को मेडिकल सेंटर हे कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालय सुरू झाले. अर्थात उपचारासाठी मुंबईलाच गेले पाहिजे, असे आता राहिलेले नाही. पण रोगी आणि रुग्णालय यांमधील अंतर केवळ किलोमीटरांत मोजून भागत नाही. पायाच्या तळव्यावरील न दुखणाऱ्या डागासाठी कोणी मोठ्या रुग्णालयात जात नाही. तो जातो, गेलाच तर, आपल्या वस्तीतील नेहमीच्या डॉक्टरकडे, आणि तोही बहुधा ताप, खोकला किंवा मधुमेहाच्या गोळ्या यांच्या निमित्ताने. उठता उठता तो डागाचा विषय काढतो. या क्षणी डॉक्टरने ‘जरा चप्पल काढा, पाहू’ म्हटले की नाही, यावर पुढचे सर्व अवलंबून असते.

छत्तीसगड हा भाताचा प्रदेश आहे. पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत स्त्रीपुरुष दिवसचे दिवस चिखलात अनवाणी उभे असतात. पायाला काटा लागणे, चिखल्या होणे, टाचेला भेगा पडणे या गोष्टींकडे कोणी आजार म्हणून पाहत नाही. अशा पायावरील काळा डाग काट्याचा किंवा जुन्या जखमेचा समजला जावा यात नवल नाही. त्या डागातून रक्त येऊ लागते तेव्हा कापणीचे दिवस आलेले असतात, आणि शेतकरी कापणी सोडून दवाखान्यात जाऊ शकत नाही. हा विलंब अज्ञानाइतकाच पोटापाण्याच्या गरजेतून होतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

दुर्मीळ रोगाची अडचण

येथे एक आक्षेप स्वाभाविक आहे. जो रोग वर्षाकाठी लाखात एकालाही होत नाही त्यासाठी गर्दीच्या दवाखान्यातील डॉक्टरने प्रत्येक रोग्याचे पाय पाहत बसावे काय? आपल्या संपूर्ण व्यवसायकाळात त्याला असा एखाद-दुसराच रोगी भेटेल, कदाचित एकही भेटणार नाही. उलट प्रत्येक तीळवाल्याला त्याने मोठ्या रुग्णालयात पाठविले तर तेथील रांगा वाढतील आणि खऱ्या रोग्याचीच पाळी मागे पडेल.

हा आक्षेप बिनतोड वाटतो, पण त्याला उत्तर आहे. छत्तीसगडमधील डॉक्टरला रोग्यांचे पाय एरवीही पाहावेच लागतात. मधुमेही रोग्याच्या पायाची नियमित तपासणी हा त्याच्या उपचाराचा अविभाज्य भाग आहे. शिवाय हा कुष्ठरोगाचा प्रदेश आहे. २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आले, परंतु त्यानंतरही छत्तीसगड त्या मर्यादेच्या वर राहिलेल्या राज्यांपैकी एक होते. चांपा येथे सदाशिव गोविंद कात्रे यांनी १९६२ साली सुरू केलेले आणि दामोदर गणेश बापट यांनी पुढे वाढविलेले कुष्ठसेवेचे काम सर्वश्रुत आहे. अंगावरील चट्टे तपासणे, तळव्यावरील बधिर व्रण शोधणे यांची येथील आरोग्यसेवकांना सवय आहे. तेव्हा नवी तपासणी सुरू करण्याचा प्रश्नच नाही; चालू असलेल्या तपासणीत आणखी एका रोगाचे भान ठेवावयाचे आहे. २००२ पासून गावोगाव काम करणाऱ्या मितानिनींनाही ‘पायावरचा वाढणारा काळा डाग डॉक्टरांना दाखवा’ एवढे एक वाक्य शिकविता येण्यासारखे आहे.

संशय केव्हा घ्यावा

तिळाच्या बाबतीत डॉक्टरने पाच गोष्टी पाहाव्यात. तिळाचे दोन अर्धे भाग एकमेकांशी जुळतात काय, कडा रेखीव आहे की दातेरी, रंग सर्वत्र सारखा आहे की त्यात काळा, तपकिरी, निळसर, लालसर अशा छटा मिसळल्या आहेत, व्यास ६ मि.मी.पेक्षा अधिक आहे काय, आणि गेल्या काही महिन्यांत त्यात बदल झाला आहे काय. यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. वीस वर्षे जसाच्या तसा असलेला मोठा तीळ सहसा चिंतेचे कारण नसतो. चाळिशीनंतर नव्याने उगवून वाढत जाणारा लहानसा डाग असतो. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण डॉक्टरांसाठी सात मुद्यांची एक गुणपद्धती रूढ आहे. आकारमानातील बदल, वेडावाकडा आकार व असमान रंग यांना प्रत्येकी दोन गुण आणि ७ मि.मी. किंवा अधिक व्यास, दाह, स्राव व संवेदनेतील बदल यांना प्रत्येकी एक गुण असतो. बेरीज तीन किंवा अधिक झाली की रोग्याला तातडीने तज्ज्ञाकडे पाठवावे, असा तेथील संकेत आहे.

तळव्यावरील रोग मात्र नेहमी या नियमांप्रमाणे वागत नाही. तो भोवरी, चामखीळ, बुरशीचा संसर्ग किंवा न भरणारी जखम यांचे सोंग घेतो. काही वेळा त्याला रंगच नसतो; गुलाबी, मांसल, सहज रक्तस्राव होणारी गाठ एवढेच त्याचे रूप असते. म्हणून येथे निराळा नियम पाळावा. तळव्यावरील ज्या विकाराचे निदान खात्रीने करता येत नाही, ज्यातून रक्त किंवा स्राव येतो, जो वाढत आहे, अथवा योग्य उपचार करूनही जो सहा ते आठ आठवड्यांत बरा होत नाही, तो मेलॅनोमा नाही हे सिद्ध होईपर्यंत संशयास्पद मानावा. मधुमेह्याच्या पायावरील जखमही या नियमाला अपवाद नाही.

नखाची गोष्ट आणखी वेगळी आहे. सावळ्या लोकांच्या अनेक नखांवर तपकिरी उभ्या रेषा असणे नैसर्गिक आहे. परंतु प्रौढ वयात एकाच नखावर, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर, नवी रेषा उमटली आणि ती ३ मि.मी.पेक्षा रुंद होत चालली, तर ती साधी मानू नये. रंग नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरला तर धोका अधिकच. हे लक्षण १८८६ साली जोनाथन हचिन्सन या इंग्रज शल्यवैद्याने नोंदविले होते आणि त्याच्याच नावाने ते ओळखले जाते. नखाखाली साकळलेले रक्त आणि मेलॅनोमा यांतील भेद ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. काळ्या डागाच्या मागील कडेशी नखावर बारीक खूण करावी आणि सहा आठवड्यांनी पाहावे. रक्त असेल तर डाग खुणेबरोबर पुढे सरकतो व मागे स्वच्छ नख दिसू लागते. डाग जागचा हलला नाही किंवा खुणेच्या मागेही दिसू लागला, तर थांबू नये. मात्र वर सांगितलेली इतर लक्षणे आरंभीच दिसत असतील तर ही वाट पाहण्यातही वेळ दवडू नये.

आणखी एक जागा सांगावयास हवी, कारण तेथे संकोच आड येतो. गुदद्वारातून रक्त जाणे म्हणजे मूळव्याध, असे रोगी स्वतःच ठरवून येतो. तपासणी न करता औषध देण्याची पद्धत त्यामुळे रूढ झाली आहे. अशा रोग्यांपैकी बहुतेकांना मूळव्याधच असते. पण हाताने तपासल्याशिवाय ते कळत नाही.

काय करू नये

संशय आल्यानंतर डॉक्टरने काय करू नये, हे त्याने काय करावे याइतकेच महत्त्वाचे आहे. काळा डाग आम्लाने किंवा विजेच्या सुईने जाळू नये. चामखीळ म्हणून केसाने किंवा दोऱ्याने बांधू नये. वरचा भाग खरवडून काढून मलमपट्टी करू नये. अशा उपायांनी वरचा रंग नाहीसा होतो आणि रोगी समाधानाने घरी जातो, पण मुळाशी रोग तसाच वाढत राहतो. शिवाय खोली मोजण्याचे साधनही नष्ट होते.

दुसरा नियम असा, की शरीरातून काढलेला कोणताही तुकडा फेकून देऊ नये. तीळ कितीही निरुपद्रवी वाटला तरी काढलेले ऊतक फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून, त्यावर नाव व जागा लिहून विकृतिवैज्ञानिकाकडे पाठवावे. या तपासणीचा खर्च रोग्याला अनावश्यक वाटतो. परंतु दोन वर्षांनी जांघेत गाठ आली आणि मूळ तीळ कोठेच नाही, अशी स्थिती ओढवली म्हणजे त्या बाटलीची किंमत कळते.

निश्चित निदानासाठी जीवोतक परीक्षा करावी लागते. शक्य असेल तेथे संपूर्ण डाग, भोवतालच्या १ ते ३ मि.मी. निरोगी त्वचेसह आणि खालच्या चरबीपर्यंत काढतात. तळव्यावरील डाग फार मोठा असेल तर त्याच्या सर्वांत जाड भागाचा पूर्ण खोलीचा तुकडा घेतात. हे काम त्वचारोगतज्ज्ञाने किंवा शस्त्रक्रियातज्ज्ञाने करावे हे उत्तम. ‘सुई लागली की कर्करोग पसरतो’ ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे आणि तिच्यापायी कित्येक रोगी तपासणी टाळतात. योग्य रीतीने केलेल्या जीवोतक परीक्षेने मेलॅनोमा पसरत नाही. हे अनोळखी तज्ज्ञाने सांगितले तर रोग्याला पटेलच असे नाही. वीस वर्षे घरी येणाऱ्या डॉक्टरने सांगितले तर पटते.

पाठविणे म्हणजे सोडून देणे नव्हे

तज्ज्ञाकडे पाठविताना चिठ्ठीवर केवळ ‘कृपया पाहावे’ एवढे लिहिणे पुरेसे नाही. डाग कोठे आहे, त्याची लांबी-रुंदी किती मिलिमीटर आहे, तो प्रथम केव्हा दिसला, त्यात कोणते बदल झाले, पूर्वी त्यावर काय लावले किंवा केले, जांघेत वा काखेत गाठ लागते काय, रोग्याला मधुमेह आहे काय, रक्त पातळ करणारे औषध चालू आहे काय, या गोष्टी चिठ्ठीत असाव्यात. ‘मेलॅनोमाचा संशय’ हे शब्द स्पष्ट लिहावेत. मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात शेकडो रोग्यांच्या गर्दीत हेच शब्द त्या रोग्याला वेगळे काढतात.

चिठ्ठी दिल्यानंतर डॉक्टरने त्या रोग्याचे नाव आपल्या वहीत लिहून ठेवावे. दोन आठवड्यांत तो परत आला नाही तर निरोप पाठवावा. रोगी का गेला नाही याची कारणे सहसा साधी असतात: सोबत कोणी नव्हते, मजुरी बुडाली असती, कोणत्या खिडकीवर जावे हे कळले नाही, किंवा आयुष्मान कार्ड सापडले नाही. यांपैकी बहुतेक अडचणी दूर करणे डॉक्टरच्या किंवा त्याच्या कंपाउंडरच्या आवाक्यातले असते.

निदान झाल्यावर आणखी एक नाजूक प्रसंग उभा राहतो. मुलगा एकटाच दवाखान्यात येतो आणि म्हणतो, ‘डॉक्टर, बाबांना मात्र काही सांगू नका.’ या विनंतीमागे माया असते, पण तिचा परिणाम नेहमीच चांगला होत नाही. पायाचा भाग का कापला, दर तीन महिन्यांनी कशासाठी जावयाचे, हे ज्याला ठाऊक नाही तो रोगी तपासणीला जाण्याचे लवकरच थांबवितो. बाबांना किती जाणून घ्यावयाचे आहे हे त्यांनाच हळुवारपणे विचारावे आणि जेवढे ते विचारतील तेवढे खरे सांगावे, हा मार्ग सर्वांत श्रेयस्कर. घरातील माणसांचे स्वभाव ओळखणारा डॉक्टरच हे उत्तम प्रकारे करू शकतो.

उपचार थोडक्यात

मेलॅनोमाचा मुख्य उपचार शस्त्रक्रिया हाच आहे. रोगाच्या खोलीप्रमाणे भोवतालची साधारण १ ते २ सें.मी. निरोगी त्वचा काढावी लागते. रोगाची खोली थोडी अधिक असेल तर ज्या ग्रंथीत रोग सर्वप्रथम पोचण्याचा संभव असतो ती पहारेकरी ग्रंथी शोधून तपासतात. ही पद्धत १९९२ मध्ये डोनाल्ड मॉर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिली.

रोग दूरच्या अवयवांत पोचल्यानंतर पूर्वी फारसे काही करता येत नसे. १९७५ साली मान्यता मिळालेल्या डाकार्बाझिन या औषधाचा गुण थोड्याच रोग्यांना व अल्पकाळ येई. २०११ नंतर चित्र पालटले. रोगप्रतिकारशक्तीवरील अडसर दूर करणारी औषधे उपलब्ध झाली. या शोधाच्या पायाभूत संशोधनाबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. अशी दोन औषधे एकत्र दिलेल्या एका मोठ्या चाचणीत पसरलेल्या रोगाचे सुमारे निम्मे रोगी पाच वर्षांनंतर हयात होते. मात्र तळव्यावरील व अस्तरावरील मेलॅनोमाला ही औषधे तितकीशी लागू पडत नाहीत, आणि त्यांचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आटोक्याबाहेरचा आहे. आपल्या देशात लवकर निदानाचे महत्त्व यामुळे अधिकच वाढते. पातळ मेलॅनोमावरील शस्त्रक्रिया लहान असते, स्वस्त असते आणि बहुधा एकदाच करावी लागते.

उपचारानंतरची वर्षे

रोगी रुग्णालयातून घरी आला की डॉक्टरच्या कामाचा दुसरा भाग सुरू होतो. पहिली दोन-तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, त्यानंतर पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत सहा ते बारा महिन्यांनी आणि पुढे आयुष्यभर वर्षातून एकदा तपासणी व्हावी, असा सर्वसाधारण क्रम आहे. या तपासणीत जुना व्रण, व्रणापासून ग्रंथीपर्यंतची त्वचा, पायाच्या रोगात जांघ व हाताच्या रोगात काख, आणि संपूर्ण अंगावरील त्वचा पाहावयाची असते. एकदा मेलॅनोमा झालेल्या माणसाला दुसरा होण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो. रोग्याला व त्याच्या घरच्या माणसाला महिन्यातून एकदा स्वतः तपासणी करण्यास शिकवावे. तळपाय पाहण्यासाठी जमिनीवर ठेवलेला लहान आरसा पुरतो. रोग्याच्या भावंडांची व मुलांची त्वचाही एकदा पाहून ठेवावी.

जांघेतील ग्रंथी काढल्यावर पाय सुजू शकतो. असा पाय स्वच्छ ठेवावा, लहानशी जखमही दुर्लक्षू नये, आणि लाली व ताप दिसताच प्रतिजैविक औषध सुरू करावे. तळव्यावर त्वचारोपण झालेल्या शेतकऱ्याने पुन्हा चिखलात केव्हा उतरावे, कोणते पादत्राण वापरावे, हा प्रश्न त्याच्या दृष्टीने ग्रंथीइतकाच महत्त्वाचा असतो. मोठ्या रुग्णालयात हा प्रश्न विचारण्याचे धाडस तो करीत नाही. आपल्या डॉक्टरला विचारतो.

नवी औषधे घेणाऱ्या रोग्याच्या बाबतीत एका गोष्टीची विशेष सावधगिरी हवी. रोगप्रतिकारशक्ती चेतविणारी औषधे कधी कधी स्वतःच्याच अवयवांवर त्या शक्तीचा मारा घडवून आणतात. जुलाब, धाप, कावीळ, अतिशय थकवा, तीव्र डोकेदुखी ही लक्षणे उपचार चालू असताना, क्वचित उपचार संपल्यावर काही महिन्यांनीही उद्भवू शकतात. असा रोगी जुलाब होतात म्हणून वस्तीतील दवाखान्यात आला, तर त्याला दूषित पाण्याचा विकार समजून नुसती जुलाब थांबविण्याची गोळी देणे प्राणघातक ठरू शकते. त्याच दिवशी कर्करोगतज्ज्ञाशी दूरध्वनीवर बोलले पाहिजे. म्हणून अशा रोग्याच्या केसपेपरवर औषधाचे नाव ठळक लिहून ठेवावे.

आणि ज्यांचा रोग बरा होण्यापलीकडे गेला आहे त्यांना वेदनेपासून आराम देणे, जखमेची दुर्गंधी कमी करणे, रात्री झोप लागेल असे पाहणे, हे कामही अखेरीस घराजवळच्या डॉक्टरवरच येते. आता काही करण्यासारखे नाही, असे म्हणण्याची वेळ वैद्यकात कधीच येत नाही.

या विवेचनाचे सार थोडक्यात असे. मेलॅनोमा दुर्मीळ आहे, म्हणून प्रत्येक डॉक्टरने त्यात तज्ज्ञ व्हावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. अपेक्षा आहे ती चार साध्या सवयींची. तळपाय व नखे पाहावीत. संशयास्पद डागाला जाळू अथवा खरवडू नये. काढलेले ऊतक तपासणीस पाठवावे. आणि पाठविलेला रोगी तज्ज्ञापर्यंत पोचला की नाही याची चौकशी करावी. या सवयींना पैसा लागत नाही, यंत्रही लागत नाही. रायपूरच्या एखाद्या जुन्या पाऱ्यातील लहानशा दवाखान्यात त्या पाळल्या गेल्या, तर एखाद्या माणसाचा डाग एका मिलिमीटरच्या आत असतानाच ओळखला जाईल, आणि तो माणूस पुढील पावसाळ्यात आपल्या शेतावर असेल.